वेंगुर्ले: नाकेबंदीने घडवलेली पेठ

वेंगुर्ल्याच्या बंदरातून दक्षिणेकडे निघालेले गलबत आरवली, शिरोडा, रेडी आणि तेरेखोलचे मुख मागे टाकत, वारा अनुकूल असला तर एका दिवसात गोव्याला, मांडवीच्या मुखाशी पोचे. समुद्रमार्गे हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. वेंगुर्ल्याच्या जुन्या इतिहासाची बरीचशी उकल या अंतरात आहे. मुंबईच्या बाजूने येणाऱ्या रस्त्यावर हे गाव शेवटाला पडते, म्हणून आपण त्याला कोकणच्या टोकाचे गाव समजतो. सतराव्या शतकातल्या दर्यावर्दी माणसाला ते तसे दिसत नव्हते. त्याच्या लेखी वेंगुर्ले हे गोव्याच्या दाराशी असलेले, पण पोर्तुगीजांच्या ताब्यात नसलेले बंदर होते. गोव्याशी ज्याचे वैर, त्याला वेंगुर्ले हवे. या एका गरजेतून किनाऱ्यावरच्या लहानशा वस्तीची पेठ झाली, आणि त्याच गरजेपायी ती पुन्हा पुन्हा लुटली आणि जाळली गेली.

अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशहाकडून गोवे जिंकले आणि या किनाऱ्याची जुनी घडी मोडली. तोवर घाटमाथ्यावरचा माल उतरण्यासाठी गोवे हेच मोठे बंदर होते. त्याच्या उत्तरेला तेरेखोल खाडीत आत वसलेले बांदे होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्याची माहिती लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाने बांद्याची नोंद भरत्या बाजाराचे गाव म्हणून केली आहे. गोवे गेल्यावर विजापूरच्या हाती उरली ती अशीच लहानमोठी खाडीबंदरे. शिवाय समुद्रावर पोर्तुगीजांचा पहारा बसला. त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, जवळ नसलेले तारू पकडले जाई. मालावरची जकात त्यांच्या नाक्यावर भरावी लागे. आदिलशाही जमिनीवर बलाढ्य होती, पण स्वतःच्याच किनाऱ्यावरून माल बाहेर धाडायचा तर तिला परक्याची परवानगी लागत होती. सव्वाशे वर्षे हे असे चालले.

या काळातल्या वेंगुर्ल्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. कुडाळ परगण्यातले ते एक किनारी गाव. मागे डोंगर, मध्ये भातजमीन, पुढे माडांची रांग आणि वाळू. खाडी लहान, त्यामुळे मोठे जहाज आत शिरण्याची सोय नाही. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि मचव्यांतून मालाची ने-आण करायची. राजापूर, खारेपाटण, बांदे ही गावे खाडीच्या पोटात सुरक्षित बसली होती. वेंगुर्ले समुद्राला तोंड देऊन उघड्यावर होते. एरवी हा दोष ठरला असता. पण १६३० नंतर असे एक गिऱ्हाईक आले की त्याला उघडा नांगरवाडाच हवा होता.

हे गिऱ्हाईक म्हणजे डच कंपनी. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १६१९ मध्ये जावा बेटावर बटाव्हिया हे ठाणे उभारले, आणि तिथून ती पोर्तुगीजांचा मसाल्याचा व्यापार एकेक बंदर करून तोडत चालली होती. १६३६ मध्ये अंतोनियो व्हान डीमेन बटाव्हियाचा गव्हर्नर जनरल झाला. त्याचा बेत साधा होता. गोव्यावर थेट हल्ला करायचा नाही. दरवर्षी पावसाळा संपता संपता आरमार पाठवायचे, ते मांडवीच्या तोंडाशी उभे करायचे आणि पुढचा पावसाळा लागेपर्यंत हलवायचे नाही. पावसाळ्यात गोव्याचे मुख समुद्रच बंद करतो, उरलेले आठ महिने ते डचांनी बंद करायचे. मग लिस्बनहून आलेले जहाज आत जाणार नाही आणि आतले बाहेर पडणार नाही.

कागदावर हा बेत सोपा वाटतो. पण शत्रूच्या किनाऱ्यासमोर आठ महिने उभे राहायचे म्हणजे काय, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारावे. आठ-दहा मोठी जहाजे आणि त्यांवरची हजाराहून अधिक माणसे. पिपातले पाणी उन्हाने कुजते. खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे खाऊन हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. जवळचे उत्तम पाणी आग्वादच्या झऱ्याचे, पण त्यावर पोर्तुगीजांनी १६१२ मध्येच किल्ला पुरा केलेला. तोफांच्या माऱ्याखाली पाणी भरायला कोण जाणार? म्हणजे गोव्यापासून जवळ, पण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर एक जागा हवी होती. तिथे गोडे पाणी आणि तांदूळ मिळावा, आजारी माणसांना जमिनीवर उतरवता यावे आणि जहाजांना मोकळेपणी नांगर टाकता यावा. अशी जागा एकच होती.

१६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूरला मुहंमद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्याला वखार घालण्याची परवानगी घेऊन आला. आदिलशहाची बाजूही समजून घ्यायला हवी. आदल्याच वर्षी, १६३६ मध्ये, शाहजहानशी तह होऊन त्याची उत्तर सरहद्द शांत झाली होती. समुद्रावर मात्र पोर्तुगीजांपुढे त्याचे काही चालत नव्हते. दोन फिरंगी एकमेकांना परस्पर झुंजवता आले तर त्याला हवेच होते. शिवाय वखारीबरोबर जकात येणार, आणि घाटावरच्या व्यापाऱ्यांना पोर्तुगीज नाका टाळून माल धाडता येणार. स्वतःजवळ आरमार नसलेल्या राजाने दुसऱ्याचे आरमार आपल्या किनाऱ्यावर उभे करून घेतले. पुढच्या काळात हिंदुस्थानातल्या अनेक दरबारांनी हा डाव खेळला आणि बहुतेकांना तो महागात पडला. वेंगुर्ल्यापुरता तेव्हा तो साधला.

साधला, कारण तीन हंगाम एकाच वेळी जुळून आले. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू मोकळा होतो आणि डच आरमार येते ते यानंतरच. त्याच सुमारास कोकणातले भात कापणीला येते, म्हणजे आरमाराला तांदूळ हवा तेव्हा खळ्यावर नवा दाणा तयार असतो. आणि दसरा उलटला की घाटवाटा सुकून बैलांच्या तांड्यांना चालण्याजोग्या होतात. रामघाटाने लमाणांचे तांडे बेळगाव, रायबागकडून खाली येऊ लागत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी, त्यात धान्य आणि कापड. परतताना त्याच गोण्यांत मीठ, सुपारी, खोबरे आणि सुकी मासळी वर जाई. डच आले तेव्हा या परतीच्या ओझ्यात लवंग, जायफळ, जायपत्री आणि तांबे यांची भर पडली. बटाव्हियाहून आलेला हा माल रायबागचे व्यापारी घेत. रायबाग तेव्हा विजापूरच्या राज्यातली मोठी पेठ होती.

ज्यां बातिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४८ मध्ये सुरतेहून डच जहाजाने इथे आला. गोव्याला जाऊन तो पुन्हा वेंगुर्ल्याला परतला आणि बटाव्हियाला निघाला तोही इथूनच. त्याच्या प्रवासवर्णनात वेंगुर्ले मिंग्रेला या नावाने येते. समुद्रापासून अर्ध्या कोसावरचे मोठे गाव आणि हिंदुस्थानातल्या उत्तम नांगरवाड्यांपैकी एक, असे तो म्हणतो. इथले पाणी चांगले, तांदूळ उत्तम आणि गोव्याची नाकेबंदी करताना डच इथेच शिधा भरतात, हेही तो स्वच्छ सांगतो. इथला वेलदोडा त्याला फार मोलाचा वाटला. तो फक्त याच मुलुखात होतो असे त्याने लिहून ठेवले आहे. ही अतिशयोक्ती आहे, मलबारचा वेलदोडा तेव्हाही प्रसिद्ध होता. पण सह्याद्रीच्या ओल्या रानातला वेलदोडा या पेठेत येत होता, एवढे त्यावरून नक्की होते. याखेरीज जाडेभरडे कापड आणि माल बांधायच्या चटया यांचाही तो उल्लेख करतो. आणि शेवटी म्हणतो की डचांनी इथे घर केले ते व्यापारापेक्षा शिध्यासाठी.

मला हे निरीक्षण फार महत्त्वाचे वाटते. परदेशी वखार म्हटली की हिरे, रेशीम, मिरी अशा किमती मालाकडे आपले लक्ष जाते. वेंगुर्ल्याची पेठ उभी राहिली ती तांदूळ, पाणी, नारळ, लिंबे, कोंबड्या आणि जळाऊ लाकडावर. हा माल कुळाच्या अंगणातून निघतो. त्याचा पैसा विजापूरच्या सावकाराआधी शेजारच्या उभादांड्याच्या भंडाऱ्याच्या, मचवा चालवणाऱ्या गाबिताच्या आणि भात सडणाऱ्या बाईच्या हातात जातो. खोल पाण्यात उभ्या जहाजापर्यंत प्रत्येक गोण आणि पाण्याचे प्रत्येक पिंप इथल्याच माणसांनी इथल्याच होड्यांतून पोचवायचे. बंदराला धक्का नाही, ही उणीव गावाला रोजगार देऊन गेली.

३० सप्टेंबर १६३९ रोजी डचांनी मुरगावच्या आसऱ्याला नांगरलेली तीन पोर्तुगीज गलियन जहाजे जाळली. नाकेबंदीच्या पहिल्या पर्वातला हा सर्वांत मोठा प्रसंग. १६४१ मध्ये युरोपात पोर्तुगाल आणि हॉलंड यांच्यात तह झाला, पण इकडे तो अमलात यायला १६४४ साल उजाडले. त्यानंतर काही वर्षे शांततेची गेली आणि १६५६ पासून पुन्हा नाकेबंदी सुरू झाली. ती १६६३ पर्यंत चालली. १६६३ च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली, मलबारची मिरी त्यांच्या हाती आली, युरोपात तहही झाला, आणि गोव्याच्या तोंडाशी आरमार उभे करण्याचे कारण उरले नाही. वेंगुर्ल्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक येईनासे झाले.

तरी वखार लगेच मिटली नाही. तिचे काम बदलले. वेंगुर्ल्याचा वखारदार आता बातम्या गोळा करून सुरतेला आणि बटाव्हियाला धाडू लागला. गोव्यात कोणते जहाज आले, विजापूरच्या दरबारात काय शिजते आहे, घाटावरून कोणाचे सैन्य उतरले, हे सारे तो लिहून पाठवी. आणि त्या वर्षांत या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी बातमी शिवाजी महाराजांची होती. अफझलखान प्रकरणानंतर मराठे दक्षिण कोकणात उतरले, १६६१ मध्ये राजापुरावर गेले, १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर. शिवचरित्राच्या अभ्यासकांनी डच कागद पुष्कळ वापरले आहेत, त्यांत वेंगुर्ल्याहून गेलेल्या पत्रांचा मोठा वाटा आहे. हे कागद आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. राजकारणासाठी ते वाचले गेले, ते योग्यच झाले. पण त्याच दप्तरात शिध्याचे हिशेब आहेत, मालाच्या याद्या आहेत. कोकणच्या रोजच्या जगण्याचा इतिहास लिहायचा तर कुणीतरी डच भाषा शिकून त्या हिशेबांत बसले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

१६६४ हे वर्ष या टापूला फार जड गेले. सावंतवाडीचे लखम सावंत कधी विजापूरच्या, कधी शिवाजी महाराजांच्या बाजूला झुकत होते. त्यांच्यासारख्या मधल्या सत्ताधाऱ्याला दुसरा मार्गही नव्हता. विजापूरने खवासखानाला मोठी फौज देऊन पाठवले, कुडाळला लढाई झाली, विजापूरचा सरदार बाजी घोरपडे मारला गेला आणि खवासखानाला घाट चढून परत जावे लागले. याच वर्षी वेंगुर्ल्यात बंड झाले म्हणून महाराजांच्या फौजेने गाव जाळले, अशी नोंद रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. युद्धात दोन्ही बाजूंना हव्या असलेल्या बाजारपेठेच्या वाट्याला हेच येते. त्यानंतर, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. आरमाराच्या या ठाण्यासाठी जागा निवडताना पेठेपेक्षा खडक महत्त्वाचा ठरला. मालवणला किनाऱ्यालगत बेट होते, भोवती खडकांची रांग होती, परक्या जहाजाला वाट सापडणे अवघड होते. वेंगुर्ल्याचे खडक समुद्रात खूप आत, गावाच्या संरक्षणाला निरुपयोगी. ज्या उघड्या किनाऱ्यामुळे डच आले, त्याच उघड्या किनाऱ्यामुळे या गावाला जलदुर्ग लाभला नाही. पुढचे सगळे हाल त्यातून आले.

१६७५ मध्ये मोगलांनी वेंगुर्ले पुन्हा जाळल्याचे गॅझेटियर सांगते. त्याहून भयंकर प्रसंग १६८३-८४ चा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला होता. बापावर चालून जाण्याची आशा संपत आल्यावर इराणला निघून जाण्यासाठी तो १६८३ च्या अखेरीस वेंगुर्ल्याला येऊन जहाजात चढला. संभाजी महाराजांचे मंत्री कवी कलश आणि अकबराचा साथी दुर्गादास राठोड यांनी त्याची समजूत घालून त्याला परत आणले. त्याच्या पाठोपाठ औरंगजेबाने आपला दुसरा मुलगा मुअज्जम याला प्रचंड फौजेनिशी रामघाटाने कोकणात उतरवले. १६८४ च्या जानेवारीत ही फौज डिचोलीपर्यंत पोचली. तिने कुडाळ, बांदे जाळले, वेंगुर्ले लुटले. वखारीतल्या डचांनी मात्र आपली इमारत लढवून राखली.

पण कोकण लुटणे सोपे आणि कोकणात फौज पोसणे कठीण. घाटमाथ्याच्या घोडदळाला इथे चारा नाही, धान्य समुद्रातून यायचे तर वाट सुरक्षित नाही, आणि जी गावे शिधा देऊ शकली असती ती जाळून झालेली. मुअज्जम फेब्रुवारीत रामघाटाकडे वळला तेव्हा सैन्यात उपासमार आणि रोगराई शिरली होती. त्या वाटेवर त्याच्या माणसांपैकी सुमारे तिसरा हिस्सा मेला आणि घोडे, उंट, हत्ती तर जवळजवळ सगळेच. ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या तांडे मीठ नि धान्य वाहत होते, ती वाट एका बादशाही फौजेला धडपणे पार करता आली नाही. वेंगुर्ल्याच्या बाजाराची खरी ताकद त्या तांड्यांत आणि त्यांच्या ठरलेल्या मुक्कामांत होती.

म्हणूनच दर वेळी जळल्यावर बाजार पुन्हा भरला. डचांना मात्र इथे राहण्यात अर्थ उरला नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस वाडीच्या खेम सावंतांनी भेटीच्या मिषाने वखारीत शिरून ती लुटली, अशी हकीकत गॅझेटियरमध्ये आहे, आणि त्याच सुमारास डचांचा इथला अंमल संपला. जांभ्या दगडाची ती वखार वेंगुर्ल्यात आजही पडक्या स्थितीत उभी आहे आणि राज्याचे संरक्षित स्मारक आहे. जाड भिंती, कमानी, त्यांतून डोकावणारी मुळे. किल्ल्यांवर आपण जेवढा जीव लावतो त्याच्या शतांशाने या व्यापारी इमारतीवर लावला असता तर ती अशी राहिली नसती.

अठराव्या शतकात सावंत, कोल्हापूरकर, आंग्रे आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत किनारा कुणाच्याच पुरता हाती नव्हता. प्रत्येकाची गलबते दुसऱ्याच्या मालावर पडत. मुंबईच्या इंग्रजांनी १७६५ मध्ये त्यावर उपाय म्हणून कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग आणि सावंतांचा रेडीचा यशवंतगड घेतला. दोन्ही पुढे पैसे घेऊन परत दिले. रेडीच्या बदल्यात सावंतांवर दोन लाखांचा बोजा पडला आणि तो उभा करण्यासाठी वेंगुर्ल्याचे उत्पन्न विठोजी कामती या सावकाराकडे तेरा वर्षांसाठी गहाण पडले. कामतीच्या पाठीशी इंग्रजांची एक लहान वखार, थोडे शिपाई आणि निशाण. राजाने किल्ला सोडवायला बाजार गहाण ठेवला, यावरून त्या बाजाराची पत कळते. मुदत संपल्यावर वसुली पुरी झाली नाही म्हणून इंग्रज गाव सोडीनात. १७८० मध्ये सावंतांनी चालून जाऊन ते लुटले आणि परत घेतले. नुकसान अर्थातच पेठेतल्या लोकांचे झाले.

१८१२ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतांकडून वेंगुर्ले कायमचे घेतले. कारण दिले समुद्रावरच्या लुटारूपणाचे. ते खोटे नव्हते, पण वेंगुर्ल्याचा खरा उपयोग सहा वर्षांनी, पेशवाई बुडाल्यावर कळला. बेळगावला छावणी झाली आणि तिचे बंदर वेंगुर्ले ठरले. पलटणी, दारूगोळा, अधिकाऱ्यांची कुटुंबे इथे उतरून घाट चढू लागली. १८६९ मध्ये आंबोलीवरून जाणारा पारपोली घाट गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा रामघाटातल्या तांड्यांची सद्दी संपली. बैलाच्या पाठीवरचे ओझे गाडीत आले आणि देशावरचा कापूस वेंगुर्ल्याच्या बंदरावर येऊन पडू लागला. एवढी भरभराट या गावाने डचांच्या काळातही पाहिली नसावी.

ती टिकली वीसेक वर्षे. पोर्तुगीजांनी मुरगावला नवे बंदर बांधायला घेतले आणि १८८८ मध्ये तिथून कॅसलरॉकमार्गे लोहमार्ग घाटावर जाऊन मिळाला. अडीचशे वर्षांपूर्वी गोव्याचे तोंड बंद झाल्याने जो माल आणि पैसा इकडे वळला होता, तो आता आगगाडीने गोव्यात उतरू लागला. पारपोली घाटातल्या गाड्या रोडावल्या, आणि वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांना मासळी, मीठ, काजू, आंबा आणि आसपासच्या खेड्यांचा आठवड्याचा बाजार यांवर पेठ चालवायला शिकावे लागले.